सायकलवाल्या आत्याची जुळणी

आत्याने गिटारच्या सहाही तारा एकाच सुरात आवळायला घेतल्या आणि शेवटची, सगळ्यात जाड तार फाडकन तुटून तिच्या हनुवटीला लागली. रक्त आलं. आत्या ओरडली वगैरे नाही. तारेचं टोक उजेडात धरून तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "हलका माल दिलाय मेल्याने."

माल हलका नव्हता, पण हे तिला सांगणार कोण? आत्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, हे आमच्या रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, मग एकेक आरा बोटाने छेडून कान द्यायचा. पुढच्या चाकाचे सगळे आरे एका आवाजात बोलले की ताण सारखा. एखादा बसक्या आवाजात बोलला की तो ढिला, त्याला चावीने अर्धा आटा आवळायचा. पस्तीस वर्षं तिने हेच केलंय. अशा बाईच्या हातात कोणाची तरी वापरलेली गिटार आली, तिने सहा तारा छेडल्या आणि सहा तारांनी सहा वेगळे आवाज काढले. तिच्या मते ही गिटार पार डगमगत होती. तिने शांतपणे आउट काढायला घेतला.

मी तिची भाची. मी, बाबा आणि आत्या दुकानाच्या वरच्या तीन खोल्यांत राहतो. बाबा तिचे धाकटे भाऊ. टपाल खात्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यापासून त्यांना एकच काम उरलंय, आक्काची काळजी करणं. तिला ते आक्का म्हणतात. मी कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर चुकीचे पत्ते वाचते आणि त्याबद्दल लोकांची बोलणी खाते, त्यामुळे माझ्या जिभेला फारशी गोडी उरलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. चोपन्नाव्या वर्षी आत्याने गिटार शिकायचं खूळ काढलं, तेव्हा "आता एवढंच राहिलं होतं" असं म्हणणारी मीच.

खुळाचं कारण अगदी समोर होतं. दुकानाच्या बरोब्बर पुढे, रस्त्यापलीकडे, वह्या-पेनांच्या दुकानाच्या माडीवर गिटारचा क्लास आहे. रोज संध्याकाळी सात ते आठ, खिडक्या सताड उघड्या. आत्या पंक्चर काढता काढता दहा वर्षं ते ऐकत होती आणि वैतागत होती. "त्या खिडकीजवळच्याची दुसरी तार उतरलीये. मला इथून कळतं, त्याला मांडीवर घेऊन कळत नाही?" एक दिवस तिने पाना खाली ठेवला, हात धुतले, रस्ता ओलांडला आणि क्लासात नाव घालून आली.

हे तिचं लोकांना सांगायचं कारण. खरी गोष्ट डाव्या हाताची होती. एकोणिसाव्या वर्षी फिरती साखळी फडक्याने पुसताना तिचा हात दातेरी चकतीत गेला. बोटं वाचली, पण अनामिका आणि करंगळी कायमची ताठ झाली. ती वळत नाहीत आणि वेगवेगळी दाबताही येत नाहीत. तेव्हापासून उजव्या हाताने काम करायचं आणि डाव्याने नुसतं धरून ठेवायचं, अशी वाटणी झाली. गिऱ्हाईक आलं की डावा हात ॲप्रनच्या खिशात जातो. आमच्या घरातला कुठलाही फोटो काढून बघा, आत्याचा डावा हात सापडणार नाही. कोणाच्या तरी पाठीमागे असेल, नाहीतर खिशात. गिटार घेतल्याच्या आठवड्यात ती मला भाजी निवडता निवडता म्हणाली, "पस्तीस वर्षं हा हात दुसऱ्याची कामं धरून उभा आहे. त्याला एकदा स्वतःचं काम मिळू दे की." मी पुढची जुडी ओढली. बोलले असते तर काहीतरी वाकडंच बोलले असते.

क्लासचे सर माणूस वाईट नव्हेत, फक्त शिस्तीचे होते. तुटलेल्या तारेची हकीकत ऐकून ते पोट धरून हसले, मग नवी तार बसवून दिली आणि सहा तारांचे सहा सूर वेगळे का असतात ते समजावून सांगितलं. आत्याने ते एकदाच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती आपली गिटार स्वतःच्या कानाने लावायला लागली. बाकीचे सगळे औषधवाल्या काकांच्या चिमट्यावर अवलंबून. हे काका म्हणजे क्लासमधले सगळ्यात जुने विद्यार्थी, औषधांचं दुकान चालवणारे. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा एक छोटा चिमटा आहे. तो गिटारच्या टोकाला लावायचा, तार छेडायची, बरोबर लागली की हिरवा दिवा. काका तो खिशात घेऊन फिरतात आणि दिसेल त्याची गिटार तपासतात.

कानाची परीक्षा आत्या पहिल्या नंबराने पास झाली, पण बोटांच्या परीक्षेत सपशेल नापास. गिटारवर एक कॉर्ड वाजवायची, म्हणजे तीन-चार सूर एकत्र वाजवायचे, तर तीन बोटं वेगवेगळ्या तारांवर वाकडी करून दाबावी लागतात. आत्याकडे वळणारी बोटं दोनच. ती ताठ अनामिका कशीबशी तारेला टेकवायची आणि ती शेजारच्या तारेचाही गळा दाबायची. चार महिने खालून नुसतं थड्-थड् ऐकू यायचं. दुकान दुपारी एक ते तीन बंद असतं, तेवढा सगळा वेळ ती हेच करायची. बाबा वर जेवताना घास हातात घेऊन थांबायचे आणि म्हणायचे, "आक्का स्वतःला फार त्रास करून घेतीये गं."

मग क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाची तारीख लागली. गावातल्या सभागृहात तीनशे खुर्च्या, प्रत्येकाने एक गाणं वाजवायचं. सरांनी सगळ्यांना सांगितलं की ज्याला तोवर एक गाणं पूर्ण वाजवता येणार नाही, त्याने जागा सोडावी. नवीन लोक सहा महिने ताटकळत बसले आहेत. आत्याला त्यांनी बाजूला घेतलं.

"ताई, बोट वळत नाही त्याला मी तरी काय करणार? तुम्हाला अगदीच सोडवत नसेल तर मागे उभं राहून ताल धरा. मी खुळखुळा देतो."

घरी येऊन आत्याने गिटार जुन्या टायरांशेजारी खिळ्याला अडकवली. "चोपन्नाव्या वर्षी खुळखुळा," एवढंच म्हणाली आणि न जेवता झोपली. तिला एवढं खचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा सरांवर असा संताप झाला की दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाचं पार्सल आलं, ते मी सगळ्यात शेवटच्या गाडीत टाकलं. बरोबर नव्हतं ते, पण केलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दुकानात एक उंच बाई आली. नवऱ्याची सायकल तिला बसत नव्हती, गुडघे हँडलला लागत होते. आत्याने सीट वर घेतली, हँडल पुढे सरकवलं, तिला एक चक्कर मारायला लावली. बाई हसत गेली. मला सुट्टी होती, मी शटरपाशी बसले होते. आत्या पाना हातात तसाच धरून उभी राहिली.

"काय गं, हिला सायकल बसत नव्हती, तर मी काय केलं?"

"सीट वर केलीस."

"तिचे पाय तर नाही ना कापले?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग माझ्या बोटांनी त्या तारांना का म्हणून बसायचं? तारांनी बसू दे की माझ्या बोटांना!"

तिने गिटार खिळ्यावरून काढली. मला वाटलं, हनुवटीवर आता दुसरी खूण होणार. पण या वेळी तिने आवळलं काहीच नाही, सैल करत गेली. सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायचा, कोणती तार भांडतेय ते ऐकायचं, तिची खुंटी जराशी सोडायची, परत हात फिरवायचा. आठ दिवस दुपारी हेच. मधल्या दोन तारांना तिने हात लावला नाही, त्या घरच्या. बाकीच्या चार या दोघींशी जुळवून घेईपर्यंत तिने सोडलं नाही. आणि नवव्या दिवशी वरच्या खोलीत मी कपड्यांच्या घड्या घालत असताना खालून एक आवाज आला. भरलेला, गोड, कुठेही खरखर नाही. मी जिन्यावरून धावत खाली गेले. आत्या स्टुलावर बसली होती. डावा हात मांडीवर स्वस्थ पडला होता आणि नुसत्या मोकळ्या तारांमधून अख्खी कॉर्ड वाजत होती.

"आता बघ," ती म्हणाली. डाव्या हाताची तर्जनी तिने सगळ्या तारांवर आडवी ठेवून दाबली. पाना धरून धरून त्या बोटात जोर केवढा! आवाज आणखी वर चढला, पण तितकाच भरलेला. बोट तसंच आडवं धरून थोडं पुढे सरकवलं, आणखी एक कॉर्ड. तीन कॉर्ड, बोट एक. ताठ बोटं बाजूला हवेत, त्यांचं काही कामच नाही. आत्या हसायला लागली, मीही हसायला लागले. शटरबाहेर पंक्चर घेऊन उभा असलेला माणूस आमच्याकडे बघत बसला.

रात्री मी फोनवर शोधलं, तर निघालं की अशा जुळणीला नावही आहे, आणि जगभर पुष्कळ लोक मुद्दाम तारा अशा लावून वाजवतात. मी तिला आनंदाने सांगायला गेले. तिचं तोंडच उतरलं.

"म्हणजे माझ्या आधीच कोणी काढलीये ही?"

"आत्या, त्यांना शिकवायला कोणीतरी असेल. तू टायरांमध्ये बसून एकटीने काढलीस."

हे तिला पटलं. मग ती दोन दिवस दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत होती.

गाणं तिने निवडलं ते आमच्या आजोबांचं. म्हणजे त्यांनी रचलेलं नव्हे. दुकान आधी त्यांचं होतं, आणि चाक लावताना ते एक संथ चाल शीळ घालून म्हणायचे, तिला शब्द नव्हते. आत्याने ती चाल वरच्या तारेवर तर्जनी आणि मधल्या बोटाने बसवली, खाली मोकळ्या तारा वाजत राहायच्या. दीड महिना दुपारी तेच एक. मलासुद्धा पाठ झालं, कुरिअरच्या ऑफिसातले माझ्या गुणगुणण्याला कंटाळले.

सरांना तिने वाजवून दाखवलं, तेव्हा ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "वाजतंय चांगलं. पण तारा सरळ लावून वाजवतात त्याला मी गिटार म्हणतो, ताई."

"मग हिला काय म्हणता?"

सर कार्यक्रमाची यादी चाळायला लागले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, कार्यक्रमात वाजवा. पण घरून लावून आणा. एकामागून एक बावीस जण आहेत. स्टेजवर खुंट्या पिळत बसलात की लोक उठून जातात. तसं झालं तर मी सरळ पुढचं नाव पुकारीन आणि मग जागेचं जे ठरलंय ते ठरलंय."

रविवारी दुपारी चारला सभागृह भरलं. आत्याने निळा नवा कुडता घातला होता, खिसा असलेला. सकाळी एका गिऱ्हाइकाची साखळी उतरली म्हणून तिने तेवढ्यात तीही बसवून दिली होती, त्यामुळे सभागृहात पोचल्यावर तिला दिसलं की नखांत ग्रीस आहे. ती साबण शोधत हात धुवायला गेली. गिटार स्टेजच्या बाजूच्या खोलीत बाकावर ठेवली होती, इतरांच्या रांगेत. बाबा राखणीला.

मी पुढून तिसऱ्या रांगेत जागा धरून बसले होते. आत्याच्या आधीच्या माणसाचं वाजवून होत आलं, तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. चेहरा समाधानाने नुसता फुललेला.

"आक्काची गिटार एकदम टकाटक करून दिलीये," ते माझ्या कानात म्हणाले. "औषधवाले तिथे सगळ्यांच्या तपासत होते. मी म्हटलं, आमच्या आक्काचीही बघा. अगं, चार तारा पार उतरल्या होत्या तिच्या! बरं झालं माझं लक्ष होतं. सहाच्या सहा दिवे हिरवे करून घेतले."

बाबांना आत्याची गिटार आवडायची, पण तारांचं गणित त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी उठले, पण मधे आठ माणसांचे गुडघे, आणि तेवढ्यात सरांनी माइकवर पुकारलं, "आता वाजवणार आहेत आपल्या सायकलवाल्या ताई." आत्या खोलीतून गिटार उचलून तशीच स्टेजवर आली. खुर्चीत बसली. डावा हात खिशातून बाहेर काढून दांड्याखाली धरला आणि उजवा हात तारांवरून फिरवला.

सहा तारा सहा दिशांना गेल्या. मागून कोणीतरी खुदकन हसलं. बाबा माझ्याकडे बघायला लागले. "काय झालं गं?"

"तुम्ही तिची जुळणी मोडलीत, बाबा."

त्यांना पूर्ण कळलं नाही, पण पुरेसं कळलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. स्टेजच्या कडेला सर हातात माइक आणि यादी घेऊन उभे होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग गिटारकडे. मला वाटलं, आता उठेल. मी तिच्या जागी असते तर उठले असते आणि घरी जाऊन सगळ्यांना फाडून खाल्लं असतं.

आत्या माइककडे वाकली. "कोणीतरी भल्या माणसाने माझं चाक सरळ करून ठेवलंय," ती दुकानात बोलते तशीच बोलली. "मला ते सरळ चालत नाही. जरा आवाज करू नका, मला ऐकू आलं पाहिजे."

आणि सभागृह गप्प झालं. अगदी खरोखर गप्प, पंख्याचा आवाज येईल इतकं. खुंट्या डाव्या हाताने पिळतात. म्हणजे तोच हात, ती दोन ताठ बोटं बाहेर आलेली, वरच्या दिव्याखाली तीनशे लोकांसमोर वर उचललेला. तिने तो लपवला नाही. लपवून खुंटी फिरत नाही. जाड तार सैल झाली, खाली खाली उतरत गेली आणि मधल्या तारेच्या आवाजात जाऊन बसली. मग दुसऱ्या टोकाची बारीक तार. सरांनी माइक तोंडाशी नेला. पण त्यांनी तो तसाच धरून ठेवला, कारण तिसरी खुंटी फिरत होती आणि त्यांनाही ऐकू येत होतं की ही बाई चिमटा नाही, दिवा नाही, नुसत्या कानाने सूर केसाइतका बरोबर लावतेय. शेवटची तार जरा जास्त उतरली, परत वर घेतली, कान गिटारच्या अंगाला टेकवला. मग तिने हात फिरवला.

तो भरलेला आवाज सभागृहभर पसरला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माइक खाली केला.

मग तिने आजोबांची चाल वाजवली. तर्जनी आडवी पुढे-मागे जात होती, खालच्या तारा घुमत होत्या, आणि वर ती संथ चाल. चालीच्या दुसऱ्या वळणावर एक सूर चुकला. तिने तोंड वाकडं केलं आणि पुढे गेली. बाबांनी डोक्यावरचे हात केव्हा काढले मला कळलं नाही. ते अगदी हळू, दातांतून, तीच शीळ घालत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मलाही रडू आलं. मला रडणं आवडत नाही, पण आलं, आणि मी पुसलंही नाही. माझी आत्या तिथे वर बसून वाजवत होती, आणि मला तिचा असा अभिमान वाटत होता की उठून ओरडावंसं वाटलं.

संपलं तेव्हा ओरडलेच. माझ्याबरोबर निम्मं सभागृह उभं राहिलं. औषधवाले काका बाजूच्या खोलीच्या दारात चिमटा हातात घेऊन टाळ्या वाजवत होते, त्यामुळे आवाज येत नव्हता. मागून लोक "आणखी एक, आणखी एक" करायला लागले.

आत्या उठता उठता थांबली. तिला हे अपेक्षितच नव्हतं. ती माइकशी वाकली आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "मला एवढं एकच येतं."

लोक हसले. मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "मग तेच परत!"

आत्याने सरांकडे पाहिलं. पुढचा मुलगा गिटार घेऊन त्यांच्या शेजारी तयार उभा होता, हातात यादी होती, वेळ चालली होती. सरांनी यादी घडी करून खिशात घातली आणि माइकवर म्हणाले, "ताई, तेच परत."

ती परत बसली. खुंट्या एकदा तपासल्या, हात फिरवला, आणि तेच गाणं पहिल्यापासून वाजवलं. दुसऱ्या वळणावरचा सूर या वेळी चुकला नाही. आणि सबंध गाणंभर तिने एकदाही डाव्या हाताकडे पाहिलं नाही, ती आमच्याकडे बघत वाजवत होती.